सासऱ्यांचा फोन काढून घ्यावा का, आणि घरातल्या फोनांना अँटीव्हायरस कुठला टाकावा?

प्रश्न : कोथरूडहून एका ताईंचं पत्र आलंय. घरात त्या, त्यांचे मिस्टर, दहा वर्षांची मुलगी आणि ७४ वर्षांचे सासरे, घरात सगळे त्यांना अप्पा म्हणतात. मागच्या महिन्यात अप्पांना व्हॉट्सॲपवर मेसेज आला की तुमच्या गाडीचं चलन बाकी आहे, खाली चलनाच्या नावाची एक फाइल. अप्पा अजून ॲक्टिव्हा चालवतात, त्यामुळे त्यांना ते खरंच वाटलं. फाइल उघडली, फोनने जे जे विचारलं त्याला 'अलाऊ' करत गेले, मग एक रुपया भरायचं पान आलं, तिथे डेबिट कार्डाचा नंबर आणि पिन टाकला. रात्रीतून खात्यातले ४८ हजार गेले. अप्पांना सकाळी कळलं, पण घरात कळायला दोन दिवस लागले, आणि तेही टेकडीवर फिरायला येणाऱ्या एका मित्राने ताईंना फोन करून विचारलं म्हणून, की अप्पांच्या नंबरवरून आमच्या ग्रुपवर ही फाइल का आलीये. मिस्टर प्रचंड चिडले. स्मार्टफोन कपाटात गेला, सिम बटणांच्या फोनमध्ये. बँकेत जाऊन कार्ड बंद केलं, तिथे 'पिन तुम्हीच दिलात' असं तोंडी ऐकवलं, म्हणून पुढे तक्रार केलीच नाही. आता अप्पा कुणाशी धड बोलत नाहीत, टेकडीवर जाणंही बंद. ताई विचारतात, बटणांचा फोन देणं बरोबर आहे ना? घरातल्या फोनांवर आणि मुलीच्या सहा वर्षं जुन्या टॅबवर कुठला विकतचा अँटीव्हायरस टाकला की निश्चिंत होता येईल? मिस्टरांचा आयफोन आहे, त्याला काही लागत नाही ना?

उत्तर :

ताई, अँटीव्हायरसचं नंतर बोलू, आधी ते कपाट उघडा आणि फोन बंद आहे की नुसता ठेवून दिलाय ते बघा. सिम काढलं म्हणजे फोन मेला असं आपल्याला वाटतं, पण तो तुमच्या घरच्या वायफायला जोडलेला असेल आणि चार्ज शिल्लक असेल तर ते ॲप आत अजून चालूच असणार, व्हॉट्सॲपही सिम काढल्याबरोबर बंद पडतंच असं नाही, अप्पांचं गूगल अकाउंट त्यात उघडंच आहे आणि त्यातले फोटो, सेव्ह केलेले पासवर्ड, ईमेल सगळं तिथेच आहे. म्हणजे तुम्ही अप्पांना फोनपासून लांब केलंत, पण चोराला नाही केलंत.

तर आज संध्याकाळी एवढं करा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद आहे ना ते बघा. मग तुमच्या फोनने त्या स्क्रीनचे फोटो काढा, तो चलनाचा मेसेज, ज्या नंबरवरून आला तो नंबर, फाइलचं नाव, वेळ, आणि बँकेचे पैसे गेल्याचे एसएमएस असतील तर तेही. हे सगळं तक्रारीला लागतं आणि एकदा फोन पुसला की परत मिळत नाही. मग तुमच्या स्वतःच्या फोनवरून किंवा लॅपटॉपवरून, त्या फोनवरून नाही हं, अप्पांच्या गूगल अकाउंटचा पासवर्ड बदला आणि अकाउंटमध्ये जी डिव्हाइसची यादी दिसते त्यातून तो फोन साइन आउट करा. नातीचे फोटो, सासूबाईंचे फोटो वगैरे केबल लावून काढून घ्या. आणि मग फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा करायचा. नुसतं ॲप शोधून डिलीट करायच्या भानगडीत पडू नका, कारण असली ॲपं बरेचदा आपला आयकॉन लपवतात, कधी 'सिस्टीम अपडेट' वगैरे नाव लावून बसतात, कधी फोनचं ॲडमिन म्हणून परवानगी घेतलेली असते आणि मग अनइन्स्टॉलचं बटणच चालत नाही. रीसेट केल्यावर ॲपं बॅकअपमधून सगळी एकदम परत आणू नका, प्ले स्टोअरवरून एकेक, लागेल ते.

आणि बटणांच्या फोनमध्येही एक गोष्ट तपासा जी कुणाच्या लक्षातच येत नाही. कॉल फॉरवर्डिंग. हे फोनमध्ये नसतं, मोबाईल कंपनीच्या नेटवर्कवर त्या नंबरला लावलेलं असतं, त्यामुळे सिम कुठल्याही फोनमध्ये घाला, ते सोबत येतं. चोरांनी अप्पांचे कॉल दुसरीकडे वळवले असतील तर कॉलवर येणारे ओटीपीही तिकडेच जाणार. त्या फोनवरून ##००२# डायल करा, सगळी फॉरवर्डिंग रद्द होतात.

आता तक्रार. बँक काय म्हणाली यावर तुम्ही थांबलात, इथे मला वाईट वाटलं, कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन हे त्याचं पोर्टल. तिथे तक्रार गेली की पैसे ज्या खात्यात गेले, तिथून पुढच्या ज्या खात्यात गेले, त्या बँकांना कळवून ती रक्कम जिथे सापडेल तिथे गोठवता येते. हे जितक्या लवकर तितकं चांगलं, पहिले काही तास सगळ्यात महत्त्वाचे, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो आणि शेवटी कुणीतरी एटीएममधून काढून घेतो. महिना झालाय, त्यामुळे तुमचे ४८ हजार परत येतीलच असं मी सांगणार नाही. पण तरीही तक्रार करा. पोर्टलवर करा, आणि पुणे शहर पोलिसांच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा तुमच्या जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी द्या. ज्या खात्यात अप्पांचे पैसे गेले त्याच खात्यात आणखी कितीतरी जणांचे गेलेले असतात, तुमची तक्रार त्यांच्या तक्रारीला जोडली जाते.

बँकेला पण लेखी पत्र द्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच नियम केलाय की ग्राहकाने स्वतः पिन वगैरे दिल्यामुळे पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेवरच. काउंटरवर कुणी तोंडी सांगितलं म्हणजे निकाल लागला असं नाही. लेखी उत्तर मागा, ३० दिवसांत आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत.

हे झालं तातडीचं. आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते.

तुम्ही विचारताय कुठला अँटीव्हायरस. या प्रश्नामागे एक चित्र आहे की व्हायरस नावाची काहीतरी गोष्ट बाहेर फिरत असते, ती गुपचूप फोनमध्ये शिरते, आणि चांगलं सॉफ्टवेअर असलं की ती अडते. हे चित्र खोटं नाही, पण ते जुन्या कॉम्प्युटरचं आहे. आपल्याच पुण्यातली गोष्ट घ्या ना, क्विक हील ही अँटीव्हायरसची कंपनी. कैलास काटकर इथे कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असायचे, तर त्यांच्या भावाने, संजय काटकरांनी, ते साफ करायचा प्रोग्रॅम लिहिला आणि ९० च्या दशकात त्यातून एवढी मोठी कंपनी उभी राहिली. तेव्हा फ्लॉपी घातली की व्हायरस शिरायचा, माणसाला काही कळायचंही नाही, कुणी त्याला विचारायचंही नाही.

फोन तसा बनवलेलाच नाहीये. अँड्रॉइडमध्ये आणि आयफोनमध्ये प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत कोंडलेलं असतं, दुसऱ्याचं काही बघायचं असेल, एसएमएस वाचायचे असतील, कॉन्टॅक्ट घ्यायचे असतील, तर परवानगी मागावी लागते. म्हणून चोरांनी सोपा रस्ता काढला, की आत शिरायचं कशाला, मालकालाच परवानगी द्यायला लावायची. तुमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन कितीही कडक असू दे, तुम्हीच वरून इंटरकॉमवर सांगितलंत की 'हो हो, आमच्याकडेच आलेत, सोडा' तर तो काय करणार? अँटीव्हायरस हा तो वॉचमन आहे.

अप्पांच्या फोनवर काय झालं असेल ते जरा नीट बघा, कारण हे एकदा डोळ्यांसमोर आलं की पुढची सगळी सेटिंग्ज आपोआप कळतात. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असणार. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं ॲप, फोटो नाही, पीडीएफ नाही, पावती नाही. अप्पांनी टॅप केलं तेव्हा फोनने आधी सांगितलं असणार की व्हॉट्सॲपवरून ॲप टाकायला परवानगी नाही, सेटिंगमध्ये जा. ते गेले, बटण सरकवलं. मग ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, कदाचित मलाच मेसेजचं मुख्य ॲप करा म्हणालं असेल. ती मिळाली की बँकेचे ओटीपी अप्पांना दिसायच्या आधी चोराकडे जायला लागले. मग ते एक रुपयाचं पान. तो रुपया कुणाला नको असतो ताई, त्या पानावर टाकलेला कार्डाचा नंबर आणि पिन हवा असतो. आता चोराकडे कार्ड, पिन, ओटीपी तिन्ही. आणि कॉन्टॅक्टमधल्या सगळ्यांना तीच फाइल अप्पांच्या नावाने, म्हणजे टेकडीवरच्या मित्रांना वाटणार की अप्पांनी पाठवलीये म्हणजे उघडायला हरकत नाही.

चलनाच्या जागी कधी लग्नाची पत्रिका असते, कधी पीएम किसानचा हप्ता, कधी गॅसचं बिल, कधी 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल'. कथा बदलते, पद्धत तीच. खरं चलन बघायचं असेल तर परिवहन खात्याच्या किंवा महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या वेबसाइटवर, ज्यांचा पत्ता गव्ह डॉट इनने संपतो, तिथे स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाकून बघायचं. कुठलाही पोलीस, कुठलाही आरटीओ, बँक, महावितरण, कुणीही व्हॉट्सॲपवर एपीके पाठवत नाही. कधीच नाही. यात अपवाद नाही म्हणून हा नियम पाठ करून ठेवायला सोपा आहे.

आता फोन फोडून आत शिरणारे हॅकर नसतातच असं मी म्हणत नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला, ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, बँकेच्या यंत्रणेत घातला होता, खातेदारांच्या फोनला हात लावायची गरजच पडली नाही. पेगासससारखी हेरगिरीची हत्यारं फोनच्या मालकाने काहीच न दाबता आत शिरतात, पण ती इतकी महाग असतात की ती पत्रकार, राजकारणी, वकील अशा निवडक माणसांवर वापरतात. कोथरूडमधल्या निवृत्त माणसाच्या बचत खात्यासाठी कुणी एवढा खर्च करत नाही, एक फाइल हजारो लोकांना पाठवली की त्यातले चार जण उघडतात, त्यांचं काम होतं.

मग अँटीव्हायरस टाकायचाच नाही का? टाका, हरकत काही नाही. ओळखीच्या कंपनीचा असावा, प्ले स्टोअरवरूनच घ्यावा, त्याने घातक लिंक आणि आधीच ओळखल्या गेलेल्या वाईट फाइली अडतात, हा फायदा खराच आहे. पैसे खर्च करायचे नसतील तर सी-डॅक या सरकारी संस्थेने बनवलेलं एम-कवच २ फुकट आहे, केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर त्याची माहिती मिळते. पण त्याआधी प्ले स्टोअर उघडून वर कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर टॅप करून प्ले प्रोटेक्ट चालू आहे का बघा. ते गूगलचं आहे, फोनमध्ये असतंच, बाहेरून टाकलेली ॲपंही तपासतं, आणि बऱ्याच घरांत ते कुणीतरी बंद केलेलं असतं कारण कुठलंतरी ॲप टाकताना त्याने अडवलं होतं. एक मात्र करू नका. वेबसाइटवर लाल अक्षरात 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडलेत, लगेच साफ करा' असं आलं की ते साफ करणारं ॲप टाकू नका. वेबपेजला तुमच्या फोनमधले व्हायरस दिसत नसतात, ते क्लीनरच बहुतेक वेळा खरा त्रास असतो.

मिस्टरांच्या आयफोनचं थोडक्यात. हो, त्यावर अशी एपीके चालत नाही, आणि तिथे अँटीव्हायरसला दुसरी ॲपं तपासताच येत नाहीत, त्यामुळे त्या अर्थाने लागत नाही. पण खोट्या बँकेच्या पानावर पासवर्ड टाकायला आयफोन अडवत नाही, ओटीपी सांगायला अडवत नाही, कुणी स्क्रीन शेअर करायला लावली तर तेही अडवत नाही. त्यांनी अपडेट वेळेवर टाकावेत, आणि 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' चालू करावं, म्हणजे फोन चोरीला गेला आणि चोराला पासकोड माहीत असला तरी बाहेर कुठेतरी बसून तो ॲपल अकाउंटचा पासवर्ड बदलू शकणार नाही. आणि माझ्याकडे आयफोन आहे म्हणून मला काही होत नाही हा समज सोडावा, हे मी त्यांच्या काळजीपोटी सांगतेय.

आता बटणांचा फोन. मला हा उपाय पटत नाही. म्हणजे का केला ते कळतं, नवऱ्याला भीती वाटली, वडिलांचे आयुष्यभराचे पैसे आहेत, राग भीतीतूनच येतो. पण बघा, बटणांच्या फोनवर ओटीपी येतात, आणि 'मी बँकेतून बोलतोय, आलेला नंबर सांगा' हा फोनही येतो. 'तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय' हा फोनसुद्धा येतो, आणि तो घरात एकट्या असलेल्या, कुणाशी बोलत नसलेल्या म्हाताऱ्या माणसावर जास्त चालतो. कायद्यात डिजिटल अरेस्ट असा काही प्रकारच नाही, पण घाबरलेल्या माणसाला ते सांगायला शेजारी कुणीतरी लागतं. तुम्ही अप्पांकडून पीएमपी बसचं ॲप काढून घेतलंत, टेकडीचा ग्रुप काढून घेतलात, नातीचे व्हिडिओ काढून घेतलेत, आणि ज्या माणसाला फसवणं सगळ्यात सोपं असतं तसं त्यांना करून ठेवलंत. पेन्शनचा हयातीचा दाखलासुद्धा हल्ली फोनवर चेहरा दाखवून देता येतो, उद्या त्यासाठी परत त्यांना कुणाच्या तरी हातापाया पडायला लागणार.

पत्रात मला सगळ्यात खटकलं ते ४८ हजार नाहीत, ते दोन दिवस आहेत. अप्पांना पहिल्या सकाळी कळलं होतं. त्यांनी त्या सकाळी तुम्हाला सांगितलं असतं, तुम्ही १९३० ला फोन केला असता, तर कदाचित बरेच पैसे गोठले असते, आणि ती फाइल ग्रुपवर जायची थांबली असती. त्यांनी का नाही सांगितलं? तुम्ही त्यांना विचारलंय का कधी? माझा अंदाज आहे की त्यांना नक्की माहीत होतं घरात काय होईल. आणि तसंच झालं. आता पुढच्या वेळी, आणि पुढची वेळ येणार, सगळ्यांच्याच घरी येणार, तुमच्या मिस्टरांच्या फोनवरही येऊ शकते, तर पुढच्या वेळी ते दोन दिवस नाही, कदाचित सांगणारच नाहीत. चोराला नेमकं हेच हवं असतं. म्हणून तुमच्या घरात जे पहिलं बदलायला हवं ते फोनच्या सेटिंगमध्ये नाहीये. सगळ्यांनी बसून एकच ठरवायचं, की काही गडबड झाली असं वाटलं तर त्याच मिनिटाला सांगायचं, आणि ज्याला सांगितलं त्याने त्या दिवशी एक शब्दही रागावायचं नाही. मुलीलाही हाच नियम, कारण उद्या टॅबवर तिच्याकडून काही झालं तर ती आत्ता आजोबांचं काय झालं ते बघूनच ठरवणार आहे की सांगायचं का लपवायचं.

मग फोन परत देताना, तुम्ही सेटिंग करून हातात देऊ नका, अप्पांना शेजारी बसवून त्यांच्याच हाताने करू द्या, वेळ लागू दे. सेटिंगमध्ये सर्चला 'अननोन ॲप्स' टाका, यादी येईल, त्यात व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स, टेलिग्राम जे काही असेल ते सगळं बंद. हे एक बटण त्या रात्री बंद राहिलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. मग ॲक्सेसिबिलिटी उघडा, ज्यांना खरंच दिसायला-ऐकायला मदत लागते त्यांच्यासाठी ती सोय आहे, पण ती ज्या ॲपला दिली त्याला सगळी स्क्रीन वाचता येते आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. तिथे अनोळखी काही चालू असेल तर बंद करा. व्हॉट्सॲपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन घाला, लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये कुणी अनोळखी नाही ना बघा, डॉक्युमेंट आपोआप डाउनलोड होणं बंद करा, आणि ग्रुपमध्ये फक्त ओळखीचे लोकच घालू शकतील असं करा. गूगललाही टू-स्टेप. दूरसंचार खात्याच्या संचार साथी या साइटवर जाऊन अप्पांच्या नावावर किती सिम चालू आहेत तेही बघून घ्या, आणि पैसे गेले नसले तरी असले मेसेज तिथेच 'चक्षू'मध्ये कळवता येतात.

अपडेटचं तर मी हात जोडून सांगते. 'नंतर बघू' करत करत लोक सहा-सहा महिने काढतात. अपडेटमध्ये नुसते नवीन इमोजी नसतात, फोनमधली सापडलेली भोकं बुजवलेली असतात. आणि नवा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारतो तसं सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार हेही दुकानदाराला विचारा, काही कंपन्या आता सात वर्षं देतात, काही स्वस्त फोनांना दोन-तीन वर्षांतच मिळेनासे होतात.

पण ताई, फोन कितीही बंदोबस्तात ठेवला तरी पैशांची मांडणी बदलल्याशिवाय मला तरी झोप लागणार नाही. पेन्शन ज्या खात्यात येते त्याला यूपीआय, डेबिट कार्डाचे ऑनलाइन व्यवहार काहीही जोडू नका. दुसरं एक छोटं खातं ठेवा, त्यात चार-पाच हजार, तेच यूपीआयला. भाजी, दूध, रिक्षा त्यातून. अप्पांचं स्वातंत्र्य तसंच राहतं आणि गेले तरी तेवढेच जातात. कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशातले व्यवहार बँकेच्या ॲपमधून किंवा शाखेत सांगून बंद ठेवता येतात. नेट बँकिंग वापरत नसतील तर बंदच करून टाका, कारण चोर आत शिरले की खात्यातले पैसे संपल्यावर एफडी ऑनलाइन मोडतात, हे खूप जणांना माहीतच नसतं. आणि यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही, हे अप्पांना माहीत असेलही, तरी परत बोला.

बँकेचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधायचा नाही, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. कार्डाच्या मागे छापलेला असतो तो, आणि १९३०, हे दोन्ही मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा. कुणी फोनवर 'हे ॲप टाका, मी तुमची स्क्रीन बघून मदत करतो' म्हणालं तर फोन ठेवायचा, समोरचा कितीही गोड बोलो.

शिवनेरी बसमधल्या चार्जिंगबद्दल आणि एफसी रोडवरच्या कॅफेतल्या वायफायबद्दलही घरोघरी भीती असते. मला वाटतं त्याची जरा जास्तच चर्चा होते. फोन चार्जिंगला लावल्यावर 'डेटा घेऊ देऊ का' असं विचारलं तर नाही म्हणा, आपला ॲडाप्टर वापरा, आणि बँकेची कामं आपल्या मोबाईल डेटावर करा. बस, एवढं पुरे. ही भीती जिथे खरा धोका आहे तिथे वापरा.

राहिला टॅब. सहा वर्षं जुना म्हणजे बहुतेक त्याचे अपडेट बंद झालेले असणार, सेटिंगमध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख दिसते, ती दोन-तीन वर्षं मागची असेल तर अँटीव्हायरस टाकूनही तो टॅब तरुण होणार नाही. मुलीला खेळायला, चित्रं काढायला वापरू दे, पण त्यावर कुणाचं अकाउंट आहे ते बघा. बहुतेक घरात आईचं किंवा बाबांचंच गूगल अकाउंट टाकलेलं असतं, आणि त्यामुळे तुमचे क्रोममध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, तुमचे ईमेल, आधार-पॅनचे काढून ठेवलेले फोटो, सगळं त्या जुन्या टॅबवर येऊन पडलेलं असतं, आणि त्यावरच मुलगी मैत्रिणीने सांगितलेला फुकट कॉइन्स देणारा गेम कुठूनतरी डाउनलोड करते. टॅब रीसेट करा, तिचं स्वतःचं लहान मुलांचं अकाउंट गूगलच्या फॅमिली लिंकवरून उघडा, म्हणजे नवीन ॲपला तुमच्या फोनवर परवानगी मागितली जाईल. तुमचं अकाउंट, सेव्ह केलेलं कार्ड, बँकेचं काहीही त्यावर नको. प्ले स्टोअरच्या बाहेरचे गेम नाहीत, हे तिला कारण सांगून सांगा, दहा वर्षांच्या मुलीला एपीके म्हणजे काय ते नीट समजतं, कदाचित तीच आजोबांना समजावेल.

आणि टेकडीच्या ग्रुपचं काय करायचं? अप्पा तिकडे जात नाहीत कारण त्यांना तोंड दाखवायला नको वाटतंय. पण त्या ग्रुपमध्ये कुणीतरी ती फाइल उघडली असेल आणि तो माणूस तुमच्या अप्पांसारखाच गप्प बसला असेल, ही शक्यता खूप आहे. तेव्हा व्हॉट्सॲप परत चालू झालं की पहिला मेसेज अप्पांनीच टाकावा, त्यांच्या शब्दांत, साधारण असा: 'माझ्या नंबरवरून चलनाची जी फाइल आली ती मी पाठवलेली नाही, ती उघडू नका, डिलीट करा. ज्यांनी उघडली असेल त्यांनी फोनचं इंटरनेट लगेच बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला फोन करा, आणि मला सांगा, माझे पैसे गेलेत, काय करायचं ते मला आता माहितीये.' मिस्टरांना हा मेसेज आधी दाखवा, जमलं तर त्यांनाच अप्पांबरोबर बसून टाइप करायला सांगा.

बँकेचं पत्र मात्र उद्याच द्या, दोन प्रती घेऊन जा, आणि दुसरीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.